डावा स्पीकर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय कारभारी,

दिवाळीत तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्या कन्नडच्या टॉवरनं माती खाल्ली. पलीकडं कुणीतरी रांजणात तोंड घालून बोलतंय एवढंच कळायचं. मी "मोठ्यानं बोल" म्हणून बोंबललो, तर शेजारचा पुंडलिक गॅलरीत येऊन बघत बसला. पाटबंधारे खात्यात असताना डाव्या हातात रिसीव्हर आणि उजव्या हातात पेन, साहेबाचा एक शब्द सुटायचा नाही माझ्याकडून. अजून तसाच डाव्या कानाला लावतो, पण आता पलीकडं आवाजच नसतो. मला त्या यंत्राचा वीट आलाय. इथून पुढं पत्र.

कामाचं सांगतो. दिवाळीला अमेयनं मला बिनतारी स्पीकर आणून दिला. माझा मुलगा आहे, कौतुक करायला हवं, पण काय सांगू. रबरी, निळा, हातात धरला की चिकट लागतो. चालू केला की आतली बाई इंग्रजीत सांगते की मी तयार आहे. कशाला तयार आहेस, बये? मग कडेनं हिरवे-जांभळे दिवे पळायला लागतात. गाणं लावावं तर गवई नाक चिमटीत धरून गातोय. शिसारी आली मला. कपाटात खाली, बुटांच्या शेजारी टाकून दिलाय.

तेव्हा ठरवलं, आपला आपण बनवायचा. आठवीत आपण तुझ्या आजीच्या माठात स्पीकर बसवला होता, कसा घुमायचा आठवतं ना? तसाच, पण दोन बाजूंचा. स्टिरिओ म्हणतात त्याला. जुन्या गाण्यांत डावीकडून तबला यायचा, उजवीकडून गाणारा, आणि मधे आपण बसलेलो. ते सुख मला परत पाहिजे. ब्लूटूथचं बोर्ड मिळतं, सेल जुन्या लॅपटॉपचे निघतील, उचलून कुठंही नेता येईल. फक्त खोकं चांगलं हवं. इथं मिळतो तो भुश्शाचा बोर्ड, पाणी लागलं की ओल्या पावासारखा फुगतो. तुझ्या गोठ्याचं जुनं सागवानी दार पडून आहे ना? त्यातल्या दोन फळ्या दे.

घरी काय विचारू नकोस. माझी मीनाक्षी गेल्यापासून या घरात बोलणं संपलं. अमेय शेंद्र्याच्या कंपनीत, येतो तो झोपायलाच. सून माझ्या डाव्या हाताला जेवायला बसते आणि चकार शब्द काढत नाही. नुसते ओठ हलत असतात चावताना. अशा माणसाशेजारी घास उतरत नाही रे. भात हवा का, एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. मी आपला हात लांब करून घेतो. किळस येते मला या शिकलेल्या लोकांच्या रीतीची.

फळ्यांचं बघ.

तुझा,
दत्तू


कन्नड
१७ नोव्हेंबर २०२५

पंत, राम राम.

पत्र भेटलं. इतक्या वर्सांनी पोस्टमन माझ्या नावानं हाका मारत आला, तर सरूबाई घाबरली, म्हणली कोर्टाचं काय आलं का. मी म्हणलं, कोर्टाचं नाय, दत्तोपंताचं हाय, तरी बी सांभाळूनच उघडतो.

आमच्या टॉवरला काय धाड भरली नाय बरं का. खळ्यातून दिसतो समोर. तुझा आवाज तर असा खणखणीत आला की सरू चुलीपासून म्हणली, पंत काहून भांडतेत. मीच ओरडून ओरडून घसा बसवला अन् तू आपला "हॅलो, हॅलो". असू दे. पत्रच बरं. पत्रात माणूस मधेच तोडत नाय.

नुसत्या फळ्या काय द्यायच्या तुला. तू करवत धरली की बोट जाईल अन् सूनबाईच्या नावानं खडे फोडशील. पुंजाराम सुताराकडून अख्खं खोकंच करून घेतलं. समोर दोन गोल भोकं, मागं झाकण. दाराची जुनी कडीच वर बसवली, उचलायला. दार माझ्या बापानं करून घेतलेलं, म्हशीनं शिंगं घासलेली खूण डाव्या अंगाला तशीच ठेवलीय. पुसायची नाय. गुरुवारच्या एसटीत कंडक्टरच्या सीटखाली देतो, स्टँडवर जाऊन घे.

अद्रक काढणी चालू हाय, कंबर मोडलीय. म्हणून लांबण लावत नाय, पण एक बोलतो. तुझी सून मला लग्नात लई बोलकी वाटली. सरूशी दोन घंटे बोलत बसली होती, म्हशीला काय खायला घालता इथपर्यंत विचारलं पोरीनं. ती मुकी कधी झाली?

कारभारी


गारखेडा
३ डिसेंबर २०२५

प्रिय कारभारी,

खोकं पाहून डोळे निवले. पुंजारामाला सांग, सांध्यात नख जात नाही. म्हशीची खूण ठेवली आहे. एवढं एकच चांगलं, बाकी सगळं पत्र आता तक्रारीचं.

पैठण गेटजवळ सोमनाथ नावाचा एक जण सामान विकतो. त्याच्याकडून दोन स्पीकर आणले, बोर्ड आणलं. लॅपटॉपची बॅटरी फोडून सेल काढले. सोल्डरिंगच्या धुराचा वास माझ्या बोटांना बसला, जेवताना वरणालाही तोच वास. फ्लक्स म्हणून एक मेणचट पदार्थ असतो, तो नखांत गेला की दोन दिवस निघत नाही, कुणाची तरी उष्टी खरकटी काढल्यासारखं वाटतं. तरी केलं. समोर लावायला सुनेनं तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दिला, मेंदीच्या रंगाचा. मी मागितला नव्हता. लावला, म्हटलं असू दे.

आणि डावा स्पीकर मुका निघाला.

मुका म्हणजे अगदी मेलेला नाही. डावा कान डाव्याला लावला की लांबून, गोधडीच्या आतून काहीतरी येतं. ते उजव्याचंच पाझरत असणार. उजवा कान उजव्याला लावला की गाणारा असा समोर. पण तबलजी रजेवर. सोमनाथला जाऊन झाडला. त्यानं स्पीकर बदलून दिला. घरी आणला, डावा गप्प. परत झाडला, चार गिऱ्हाइकांसमोर, चोर म्हटलं त्याला. त्यानं हात जोडून बोर्डही बदलून दिलं. डावा गप्प. तिसऱ्या वेळी अख्खं खोकं दुकानात नेलं. सोमनाथ म्हणाला, दोन्ही बाजू मस्त वाजतायत, आजोबा. शेजारची गिऱ्हाइकंही हो म्हणाली. मी काही कान लावून बसलो नाही, त्या रिक्षांच्या गोंगाटात काय कळणार.

घरी आणलं. डावा गप्प.

मग मी कचेरीत करायचो तशी रीतसर चौकशी लावली. स्पीकर बदलला, दोष कायम. तारा बदलल्या, दोष कायम. बोर्ड बदललं, दोष कायम. दुकानात दोष नाही, घरात दोष आहे. म्हणजे बिघाड वस्तूत नाही, बिघाड घरात केला जातो. आता घरात माझ्या टेबलाला हात कोण लावतं? अमेय दिवसभर शेंद्र्याला. उरली सून, मृण्मयी. रोज फडकं घेऊन येते. एकदा खोकं वीतभर सरकलेलं मी स्वतः पाहिलं.

रात्री जेवताना विचारलं, पाडलंस का? तिचे ओठ हलले. नेहमीसारखंच, आवाज नाही. अमेय म्हणाला, "बाबा, ती सांगतेय ना नाही पाडलं. आणि दोन्ही बाजू वाजतात." मी म्हटलं, तुमच्या पिढीचे कान त्या आत खुपसायच्या बोंडांनी गेलेत, तुम्हाला काय कळतं. माणसानं चूक करावी, पण तोंडावर खोटं बोलताना पुटपुटावं, याची मला घाण वाटते.

आता तू बघ. मला या घरात कुणाचा भरवसा नाही. उद्याच्या कन्नड गाडीत खोकं देतोय. तुझे कान अजून शाबूत आहेत, आणि तू मला खोटं सांगणार नाहीस.

दत्तू


कन्नड
९ डिसेंबर २०२५

पंत,

खोकं आलं, वाटेत काय लागलं नाय. आमच्या इथं ओसरीवर लावलं. सरूनं ऐकलं, गडी माणसांनी ऐकलं. तबला बिबला सगळं ऐकलं.

झाकण खोलून पाहिलं. डाव्या अंगाची एक तार ढिली झाली होती, ती बसवली. असं आपोआप बी होतं. एसटीच्या हादऱ्यानं होतं, थंडीनं होतं. कुणाचा हात लागायलाच पाहिजे असं नाय. तेव्हा घरात कुणाला बोलू नको. पोरीला तर बिलकुल नको.

अन् एक कर. ऐकताना खोकं समोर नको ठेवत जाऊ. उजव्या हाताला ठेव, जरा जवळ. सागवानाचा आवाज तसाच ऐकायचा असतो, पुंजाराम म्हणला. अन् तुझी खुर्ची भिंतीला लागून असती ना, डावीकडं भिंत येईल असा बस. आवाज भिंतीला लागून परत येतो म्हणे. जेवताना बी तसंच बस, काय बिघडत नाय.

जास्त लिहीत नाय. जीव लागत नाय आज लिहिण्यात.

कारभारी


गारखेडा
१४ डिसेंबर २०२५

प्रिय कारभारी,

तुझं पत्र म्हणजे शिक्कामोर्तब. "डाव्या अंगाची एक तार ढिली झाली होती." मी हे वाक्य जेवायला बसल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. थंडीनं होतं, हादऱ्यानं होतं, ते तुझं मन मोठं म्हणून तू लिहिलंस. मी तेवढं गाळलं. माझ्या हातची जोडणी थंडीनं सुटत नाही.

म्हटलं, मृण्मयी, आता हा बाहेरचा माणूस सांगतोय, ज्याला तुझ्याशी काही घेणंदेणं नाही. कबूल कर आणि विषय संपव. ती ताटावरून उठली. हात न धुता आत गेली. अमेयनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कुणाचा खिसा कापलाय. मला त्या नजरेचाही तिटकारा आला.

आणि गंमत बघ. तुझ्याकडं दुरुस्त झालेलं खोकं घरी आलं, तिनं एकदा टेबल पुसलं, डावा परत गप्प. तुझ्या सागवानाच्या सल्ल्यानं उजव्या हाताला ठेवलं तर गाणं झकास येतं, पण समोर ठेवून डावा कान लावला की तीच गोधडी. याहून आणखी पुरावा काय पाहिजे?

काल अमेय म्हणाला, आम्ही शेंद्र्याजवळ फ्लॅट बघतोय. कंपनीला जवळ पडेल म्हणे. मी काय दुधखुळा आहे? एका तारेची कबुली द्यायची नाही म्हणून घर मोडायला निघाली ही बाई. जाऊ देत. चोवीस तास त्या मुक्या चेहऱ्याकडं बघण्यापेक्षा एकटं बरं. स्वयंपाकाला कुणी मिळेल. गाणं आहेच, अर्धं का होईना.

पण खरं सांगू? अमेयला मी सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडायचो. तो आता भाड्याच्या घरात जाणार, आणि मी बापाच्या नात्यानं थांब म्हणू शकत नाही, कारण बरोबर मी आहे. या बरोबर असण्याचाही उबग आला आहे.

दत्तू


छत्रपती संभाजीनगर
१५ डिसेंबर २०२५

ती. कारभारीकाकांना सा. न.

मी मृण्मयी, दत्तोपंतांची सून. पत्ता बाबांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला, त्याबद्दल क्षमा करा.

एकच विचारायचं आहे. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा खरंच तार सुटलेली होती का? कारण आमच्याकडं ते खोकं पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी वाजतं. बाबा फिरायला गेले की मी लावते. माझ्या साडीचा तुकडा आहे त्याला, म्हणून जरा जीव आहे.

मी बाबांना उलट बोलले नाही कधी. खरं तर बोललेलं त्यांना नकोच असतं. गेली दोन वर्षं मी काही म्हटलं की ते ताटाकडं बघत राहतात, जणू शेजारी कुणी बसलेलंच नाही. सुरुवातीला रडायला यायचं. आता किळस येते, काका. त्यांची नाही, माझीच. रोज नव्यानं तोंड उघडते आणि रोज अपमान करून घेते, त्याची.

अमेय म्हणतो त्यांचे कान दाखवायला हवेत. पण घरात "कान" हा शब्द काढला की बाबा ताट सरकवतात. मग कोण काढणार?

तुमचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. तुम्ही मोठे आहात. तार खरंच सुटली असेल तर मी पाडलं असेन असं समजून माफी मागते आणि आम्ही जातो. पण सुटली नसेल तर तुम्ही हे का लिहिलंत, ते मला कळलं पाहिजे.

मृण्मयी


कन्नड
२० डिसेंबर २०२५

दत्तू,

आज पंत म्हणत नाय. शाळेतलं नाव लिहितो.

तार ढिली नव्हती. काहीच ढिलं नव्हतं. मी झाकण खोललंच नाय. खोकं ओसरीवर ठेवलं, चालू केलं, अन् डावीकडून तबला असा आला की सरू भाकर थापता थापता थांबली. दोन्ही बाजू वाजत होत्या. तुझ्या घरी बी वाजतेत. सोमनाथाच्या दुकानात बी वाजत होत्या. त्या माणसाला तू चार जणांत चोर म्हणलास.

मी खोटं लिहिलं. का लिहिलं ते तुला म्हाईत हाय.

तुझे वडील, अण्णा. देवळात पोथी वाचायचे, अन् कानानं गेलेले. पोरं त्यांच्या समोर उभी राहून नुसते ओठ हलवायची, आवाज काढायची नाय. अण्णा हसायचे, मान हलवायचे, "बरं बरं, होईल होईल" म्हणायचे. सगळी पारावरची हसायची. तू एकदा ते पाहिलंस अन् ओढ्यावर जाऊन ओकलास. मी तुझी पाठ धरली होती. तू म्हणलास, कारभारी, मला पोरांचा राग नाय येत, मला त्या हसण्याची किळस येते. माझा बाप असा का हसतो.

ते माझ्या डोळ्यापुढं आलं. म्हणलं, दत्तूला हे मी सांगू? माझ्या हातून नाय होणार. त्यापेक्षा एक तार ढिली. कुणाचं काय जातंय. उजवीकडं ठेव म्हणलं, भिंत म्हणलं, काय काय रचलं. तुझं बी भागंल अन् पोरीवरचं बी जाईल असं वाटलं. तू माझं अर्धं पत्र गाळून अर्धं तिच्या डोक्यात घातलंस. मला माझ्याच अक्षराची घाण वाटायला लागलीय.

आता नीट वाच. खोकं टेबलावर समोर ठेव. नेहमीसारखा कान लाव. मग खोकं उलटं कर, कडी खाली, बूड वर. डावा स्पीकर उजवीकडं येईल. म्हशीची खूण बघ, ती बी उजवीकडं येईल. परत कान लाव. दोष खोक्यात असंल तर तो खोक्यासंगं उजवीकडं येईल. अन् डावीकडंच राहिला, तर तो खोक्याचा नाय, दत्तू.

तू फोन डाव्या कानाला लावतोस. तू स्वतःच लिहिलंस.

अन् तुझी सून जेवताना कुठल्या अंगाला बसती, ते बी तूच लिहिलंस.

हे वाचून मला शिव्या घाल. पण पोरगी घरातून जायच्या आधी खोकं उलटं कर.

कारभारी


गारखेडा
२६ डिसेंबर २०२५

कारभारी,

पत्र मिळालं. माझ्या बापाचं हसणं तुला इतकी वर्षं जपून ठेवावंसं वाटलं, हे कळलं. ते असं कामाला आणशील असं वाटलं नव्हतं. मला तुझी शिसारी आली आहे.

पुन्हा लिहू नकोस.

द. ना. नागापूरकर


गारखेडा
१६ जानेवारी २०२६

कारभारी,

लिहू नकोस म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीस. एवढा आज्ञाधारक कधी झालास?

खोक्यावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडं पाठ करून बसायचो. घरात खोकी बांधणं चालू होतं, त्यांची, शेंद्र्याला न्यायची. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येतो ना, तो मला आतल्या खोलीतून यायचा. म्हणायचो, बघ, एवढं बारीक ऐकू येतंय, कोण म्हणतं नाही येत. मग एकदा चिकटपट्टीचा आवाज आला म्हणून उजवीकडं वळून बघितलं, तर तिथं कुणी नव्हतं. मृण्मयी माझ्या डावीकडं, दोन हातांवर, गुडघ्यावर बसून पेटी बांधत होती.

ती आत गेल्यावर टॉवेल काढला. समोर ठेवून गाणं लावलं. उजवा कान, गाणारा. डावा कान, गोधडी. मग कडी खाली, बूड वर. म्हशीची खूण उजवीकडं आली. उजवा कान लावला आणि तबला वाजला रे. असा वाजला की मी दचकून मागं झालो. कधीपासून वाजत होता कुणास ठाऊक. डावा कान लावला. तिथं आता गाणारा असायला हवा होता, अख्खा, धडधाकट. गोधडी. खोकं उलटं झालं, पण गोधडी जागची हलली नाही.

मोरीत जाऊन ओकलो. ओढ्यावर ओकलो होतो तसाच. या वेळी पाठ धरायला तू नव्हतास, कारण मी तुला पत्रातून हाकललं होतं. तिथंच तोंड धुतलं. आरशात बघायचं टाळलं. मला वाटलं, तिथं अण्णा असतील, मान हलवत.

सोमनाथकडं जाऊन आलो. त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं असतील अशी वेळ साधून गेलो, आणि त्यांच्यासमोर म्हटलं, की चोर तू नाहीस, माझा कान गेलाय. त्यानं चहा मागवला. बेचव, नुसतं दूध आणि साखर. सगळा प्यालो. कानाच्या डॉक्टरकडंही गेलो. तिनं कानात लावायचं एक मांसाच्या रंगाचं यंत्र दाखवलं. बघूनच अंगावर काटा आला, कुणाच्या तरी अंगातून काढल्यासारखं दिसतं. घेईन. आज नाही.

तुला फोन करीन रविवारी. उजव्या कानाला. शिव्या तेव्हा देईन, लिहिण्यात मजा नाही. खोटं लिहिलंस ते मी विसरणार नाही, आणि खरं लिहिलंस तेही नाही. कुठल्याचा जास्त राग आलाय ते अजून ठरत नाही.

आता संक्रांतीच्या दिवशीचं सांगतो. त्यांचा टेम्पो शनिवारचा ठरलेला. मी जेवायला बसताना माझं ताट उचललं आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर गेलो, मीनाक्षीच्या. म्हणजे मृण्मयी माझ्या उजव्या हाताला आली. अमेय बघायला लागला. मी म्हटलं, तार तू सोडवली नाहीस. तार सुटलीच नव्हती. बिघाड माझ्यात आहे.

ती हसली नाही. बरं झालं, हसली असती तर मला सोसलं नसतं. ती म्हणाली, "माहीत आहे." कारभारी, दोन वर्षांत मी तिचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. जाड आवाज आहे पोरीचा, शेवटी जरा फाटतो.

 शनिवारचं काय, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पोळी संपवली. आणि ती माझ्याकडं न बघता, सवयीनं बोलल्यासारखी म्हणाली, "बाबा, भात वाढू?"

मी विचारलं, हे रोज विचारतेस?

म्हणाली, "रोज."

मान हलवावीशी वाटली. हलवली नाही. तोंडानं म्हटलं, वाढ.

दत्तू